सांभाळून घेण्याची किंमत : आघातोत्तर ताणविकृतीवरील दांपत्यकेंद्री उपचारपद्धतीची चिकित्सा (कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

युद्ध, महापूर, भूकंप, अपघात वा अत्याचार यांसारख्या जीवघेण्या प्रसंगातून वाचलेल्या माणसाचे मन तो प्रसंग संपल्यानंतरही तेथेच घुटमळत राहते, हा अनुभव मानवजातीला नवा नाही. नवे आहे ते त्याचे वैद्यकीय नामकरण. १९८० साली अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'आघातोत्तर ताणविकृती' या विकाराला प्रथम स्थान दिले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक अवस्थेविषयी तेथे झालेली दीर्घ चर्चा या निर्णयामागे होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीत हा विकार चिंताविकृतींच्या गटातून काढून स्वतंत्र गटात ठेवण्यात आला आणि त्याच्या लक्षणांचे चार समूह निश्चित झाले : प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा मनात येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, विचार व भावना यांत नकारात्मक बदल होणे आणि शरीर-मन सतत सावध अवस्थेत राहणे.

मराठी बोलीत या अवस्थेसाठी शास्त्रीय संज्ञेच्या कितीतरी आधीपासून शब्द आहेत. 'धसका घेणे', 'धास्ती बसणे', 'हाय खाणे' हे वाक्प्रचार ग्रामीण भागात आजही सहज वापरले जातात. त्यांचे वैशिष्ट्य असे की धसका घेणारा एक असला तरी तो सांगणारे बहुधा घरातील दुसरे माणूस असते. 'यांनी पाण्याचा धसका घेतलाय' असे पत्नी सांगते. 'तिने हाय खाल्ली' असे पती सांगतो. विकार एकाचा आणि त्याचा साक्षीदार दुसरा, ही जाणीव लोकभाषेत आधीच आहे. मानसोपचारशास्त्राने मात्र दीर्घकाळ रुग्णालाच एकट्याला समोर बसविले.

या पद्धतीला छेद देणारा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे कँडिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन यांनी विकसित केलेली बोधात्मक-वर्तनात्मक संयुक्त उपचारपद्धती. २०१२ साली न्यूयॉर्कच्या गिलफर्ड प्रेसने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथात या पद्धतीची सविस्तर मांडणी आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा कोल्हापूर जिल्ह्यातील पूरग्रस्त कुटुंबे व सैनिकी कुटुंबे यांच्या संदर्भात करण्याचा हेतू आहे. या पद्धतीतील सर्वांत मौलिक विचार 'सांभाळून घेणे' या वर्तनाविषयी आहे. तोच विचार आपल्याकडील दांपत्यजीवनाला लावताना सर्वाधिक उपयुक्त आणि सर्वाधिक जोखमीचाही ठरतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. उपचारपद्धतीचे स्वरूप

ही पद्धती पंधरा सत्रांची असून ती तीन टप्प्यांत विभागलेली आहे. पहिल्या टप्प्यातील दोन सत्रांत विकाराची व त्याच्या नातेसंबंधावरील परिणामांची माहिती पती-पत्नींना एकत्रितपणे दिली जाते. राग अनावर होऊ लागताच ठरवून थांबणे, श्वास संथ करणे यांसारखी सुरक्षिततेची साधनेही याच टप्प्यात शिकविली जातात. तिसऱ्या ते सातव्या सत्रापर्यंतच्या दुसऱ्या टप्प्यात परस्परसंवादाची कौशल्ये आणि टाळाटाळीवर मात करणारी कृती यांवर भर असतो. गर्दी, प्रवास, विशिष्ट जागा अशा वस्तुतः सुरक्षित परंतु रुग्ण टाळत असलेल्या गोष्टींकडे दोघांनी मिळून टप्प्याटप्प्याने जावयाचे असते. आठव्या ते पंधराव्या सत्रापर्यंतच्या तिसऱ्या टप्प्यात आघाताविषयीच्या समजुती तपासल्या जातात. स्वीकार, दोषारोप, विश्वास, नियंत्रण, भावनिक जवळीक आणि शारीरिक जवळीक हे त्यातील प्रमुख विषय होत.

या पद्धतीची वैचारिक मुळे मराठी अभ्यासकाला अगदीच अपरिचित नाहीत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनातून मराठी वाचकांपर्यंत यापूर्वीच पोहोचली आहे. माणूस घटनेपेक्षा घटनेविषयीच्या समजुतीने अधिक व्यथित होतो, हे सूत्र त्या लेखनाने येथे रुजविले. मॉन्सन-फ्रेडमन यांच्या पद्धतीची शास्त्रीय घडण ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचारांशी आणि पॅट्रिशिया रेसिक यांच्या आघातकेंद्री उपचारांशी अधिक निगडित आहे. तिचे वेगळेपण एवढेच की समजुती तपासण्याचे काम रुग्ण एकटा न करता दांपत्य मिळून करते.

तसेच, आघाताच्या प्रसंगाचे बारीकसारीक तपशिलांसह पुनःपुन्हा कथन करण्याचा आग्रह येथे धरला जात नाही. एडना फोआ यांच्या दीर्घ-सामोरेपणाच्या उपचारपद्धतीत अशा कथनाला मध्यवर्ती स्थान आहे. संयुक्त पद्धतीत भर असतो तो त्या प्रसंगाने दोघांच्या जगण्याला कोणता अर्थ दिला, यावर. जे प्रसंग पत्नीसमोर उच्चारणेही पतीला अशक्य वाटते, किंवा पतीसमोर उच्चारणे पत्नीला, त्यांच्या बाबतीत हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे.

३. पद्धतीचे श्रेय

कोणत्याही पद्धतीची मर्यादा दाखविण्यापूर्वी तिचे श्रेय मान्य करणे आवश्यक ठरते. व्हिएतनाम युद्धातील सैनिकांचा जो राष्ट्रव्यापी अभ्यास अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे १५ टक्के पुरुष सैनिकांमध्ये त्या वेळीही हा विकार आढळला. याच अभ्यासातील माहितीच्या आधारे विकारग्रस्त सैनिकांच्या कुटुंबांतील वैवाहिक अडचणींचे चित्रही स्पष्ट झाले. इस्राएलमध्ये झहावा सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ च्या लेबनॉन युद्धातील सैनिकांच्या पत्नींचा अभ्यास केला आणि आघाताची झळ युद्धभूमीवर कधीही न गेलेल्या स्त्रीपर्यंत कशी पोहोचते हे दाखविले. विकार घराचा होतो, ही गोष्ट अशा रीतीने सिद्ध झाली होती. उपचार मात्र व्यक्तीपुरतेच राहिले होते. ही दरी भरून काढण्याचे काम मॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

२००४ साली त्यांनी व्हिएतनाम युद्धातील काही मोजक्या सैनिक-दांपत्यांवरील प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये 'जर्नल ऑफ दि अमेरिकन मेडिकल असोसिएशन'मध्ये चाळीस दांपत्यांवरील यादृच्छिक नियंत्रित चाचणीचा अहवाल आला. काही दांपत्यांना तत्काळ उपचार मिळाले, तर उरलेल्यांना प्रतीक्षायादीत ठेवण्यात आले. उपचार घेतलेल्या गटातील रुग्णांच्या लक्षणांची तीव्रता प्रतीक्षायादीतील रुग्णांच्या तुलनेत विकारमापनाच्या प्रमाणित श्रेणीवर सुमारे २३ गुणांनी अधिक घटली. रुग्णांचे वैवाहिक समाधानही तुलनेने वाढले, आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत हे लाभ टिकून असल्याचे दिसले.

येथे दोन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे ही तुलना प्रतीक्षेशी आहे, दुसऱ्या एखाद्या प्रभावी उपचाराशी नाही. त्यामुळे 'संयुक्त उपचार व्यक्तिगत उपचारांहून श्रेष्ठ' असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. अहवालाच्या केंद्रस्थानी जे समाधान मोजले गेले, ते रुग्णाने नोंदविलेले समाधान होय. पत्नी किंवा पती 'जोडीदार' म्हणून उपचारात सहभागी होतो, परंतु यशाची मुख्य मोजपट्टी रुग्णाच्या हाती राहते. जोडीदार हा उपचाराचा सहकारी की उपचाराचा अधिकारी, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

४. 'सांभाळून घेणे' : गुण की लक्षण?

रुग्णाच्या विकाराला धक्का लागू नये म्हणून जोडीदार आपले वर्तन बदलतो, या निरीक्षणाला या पद्धतीत मध्यवर्ती स्थान आहे. पती दचकतो म्हणून पत्नी घरात भांड्यांचा आवाज होऊ देत नाही. त्याला गर्दी सहन होत नाही म्हणून लग्नकार्याला एकटी जाते. तो चिडू नये म्हणून मुलांना गप्प करते. नातेवाइकांनी विचारले तर 'बरं नाही' म्हणून वेळ मारून नेते. फ्रेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली असे वर्तन मोजण्यासाठी एक मापनश्रेणीच प्रसिद्ध केली. त्यांचे प्रतिपादन असे की या वर्तनामागे प्रेम असले तरी त्याचा परिणाम विकार टिकवून धरण्यात होतो. रुग्णाला भीतीशी सामना करण्याची वेळच येत नाही, म्हणून भीती खोटी असल्याचे त्याला कळतही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणात आणखी एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. ज्या रुग्णांचे जोडीदार अधिक प्रमाणात सांभाळून घेत होते, त्यांनाच संयुक्त उपचारांचा अधिक लाभ झाला. याचा अर्थ उघड आहे. जेथे गाठ दोघांच्या वर्तनात बसलेली असते, तेथे ती सोडविण्यासाठीही दोघे लागतात.

हे निरीक्षण मराठी वाचकाला थांबून विचार करावयास लावणारे आहे. 'सांभाळून घे' हा आपल्याकडे सासरी जाणाऱ्या मुलीला दिला जाणारा पहिला उपदेश आहे. माहेरची माणसे तो देतात, सासरची माणसे त्याची अपेक्षा करतात आणि ज्या स्त्रीला तो जमतो तिला समाज 'संसारी' म्हणतो. पाश्चात्य उपचारशास्त्र ज्याला विकार पोसणारे वर्तन मानते, त्यालाच आपली कुटुंबसंस्था स्त्रीचा मुख्य सद्गुण मानते. येथे दोन संस्कृतींतील मतभेदाची सोयीस्कर नोंद करून पुढे जाता येणार नाही. मॉन्सन-फ्रेडमन यांचे निरीक्षण योग्यच आहे. सांभाळून घेतल्याने धसका जात नाही, तो घरात मुरतो, हे कोणत्याही अनुभवी गृहिणीला पटण्याजोगे आहे. अडचण आहे ती पुढील पायरीवर.

पद्धतीची मांडणी असे गृहीत धरते की जोडीदार स्वेच्छेने सांभाळून घेतो आणि समजावून सांगितल्यावर ते थांबवू शकतो. परंतु जेथे सांभाळून घेणे ही स्त्रीच्या घरातील स्थानाची अट असते, तेथे ते थांबविण्याची किंमत तिलाच मोजावी लागते. पतीच्या भीतीला सामोरे जाण्याचा गृहपाठ उपचारक देतो. त्या गृहपाठातून उसळलेला राग मात्र घरी गेल्यावर तिच्या वाट्याला येतो. शिवाय सासू-सासऱ्यांच्या दृष्टीने ती 'नवऱ्याची काळजी न घेणारी' ठरते. सांभाळून घेणे कमी करावे, हा सल्ला म्हणूनच केवळ वर्तनबदलाचा सल्ला राहत नाही. तो घरातील सत्तेच्या वाटणीत केलेला हस्तक्षेप ठरतो, आणि हस्तक्षेप करणाऱ्याने त्याच्या परिणामांची जबाबदारी आधीच ओळखली पाहिजे.

५. महापूर : जेव्हा दोघेही जखमी असतात

२०१२ च्या चाचणीची रचना एक रुग्ण आणि एक जोडीदार अशी होती. कोल्हापूर जिल्ह्यातील पूरग्रस्त कुटुंबांकडे पाहिले म्हणजे ही रचना अपुरी पडू लागते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांत पंचगंगा, कृष्णा आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठी महापूर आला. कोल्हापूर शहरानजीकच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. करवीर तालुक्यातील चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांना आणि शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या वस्त्यांना घरेदारे सोडावी लागली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले.

अशा प्रसंगी पती आणि पत्नी दोघेही त्याच पाण्यातून बाहेर आलेले असतात. पतीच्या मनात गोठ्यातील जनावरे, बुडालेला ऊस, सोसायटीचे कर्ज आणि पंचनाम्याची धावपळ असते. पत्नीच्या मनात पाण्यात गेलेले धान्य, मुलांची दप्तरे, निवारा केंद्रातील उघडेपणा आणि परतल्यावर गुडघाभर चिखल उपसण्याचे काम असते. रुग्ण कोण आणि मदतनीस कोण? व्यवहारात याचे उत्तर ठरलेले असते. ज्याचा धसका मोठ्याने दिसतो तो रुग्ण ठरतो, आणि जिच्या हातांना काम थांबविण्याची सवलत नसते ती मदतनीस ठरते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वाचलेल्यांची जी पाहणी 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री'मध्ये १९९६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात पाहणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये मानसिक विकार आढळले होते. आघातोत्तर ताणविकृती आणि अवसाद हे त्यांतील प्रमुख. जेथे गावातील प्रत्येक दुसरी व्यक्ती व्यथित आहे, तेथे एका घरातील दोघांपैकी एकच व्यथित असेल असे गृहीत धरणे तर्काला धरून नाही.

महापुराच्या संदर्भात आणखी एक सैद्धांतिक अडचण संभवते. 'आघातोत्तर' या संज्ञेतील 'उत्तर' हे पद असे सुचविते की आघात भूतकाळात जमा झाला आहे. पंचगंगेच्या काठी तो दर जूनला पुन्हा दाराशी येण्याची शक्यता असते. पावसाळ्यात रात्री उठून मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी पाहणारा शेतकरी, रेशनकार्ड आणि सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवणारी गृहिणी, पाणी रस्त्यावर येण्यापूर्वीच जनावरे हलविणारे कुटुंब यांना अतिसावधतेचे लक्षण लावणे हा अन्याय होईल. त्यांची सावधता अनुभवसिद्ध शहाणपणाची आहे. याउलट, जानेवारीच्या कोरड्या दिवसांतही जो नदीकडील रस्त्याने जात नाही, नळाला पाणी आल्याच्या आवाजाने जो दचकून उठतो, त्याची भीती उपचाराला पात्र आहे. संयुक्त पद्धतीतील सामोरे जाण्याच्या कृती येथे उपयोगी पडू शकतात. परंतु खऱ्या आणि खोट्या धोक्यातील सीमारेषा उपचारकाने पुस्तकावरून ठरवून चालणार नाही. ती नदीकाठच्या माणसांकडूनच शिकावी लागेल.

६. सैनिकाचे घर : 'पूर्ववत' म्हणजे काय?

ही उपचारपद्धती ज्या सैनिकी अनुभवातून जन्मली, तो अनुभव कोल्हापूर जिल्ह्याला परका नाही. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी या गावाच्या नावातच सैनिकी परंपरा आहे. गडहिंग्लज, चंदगड या तालुक्यांतूनही पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यात जात आले आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र जवळच बेळगाव येथे आहे. या घरांतील दांपत्यजीवनाचा आराखडा मात्र अमेरिकन ग्रंथातील आराखड्याहून भिन्न आहे.

सामान्य जवान विशीच्या आत-बाहेर भरती होतो, सुटीवर आला असता त्याचे लग्न होते आणि पत्नी बहुधा सासरीच राहते. पुढील अनेक वर्षे हे दांपत्य वर्षातून काही आठवडे एकत्र असते. पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास पती निवृत्त होऊन गावी येतो, तेव्हा दोघांच्या सलग सहवासाला खऱ्या अर्थाने प्रथमच सुरुवात होते. तोवर शेती, मुलांचे शिक्षण, देणेघेणे, भावकीतील वाद हे सारे पत्नीने एकटीने पेललेले असते. अशा वेळी आघातग्रस्त पती परतला असता, 'नात्यातील पूर्वीची जवळीक परत मिळविणे' या उद्दिष्टाला आधारच राहत नाही. जी जवळीक कधी घडलीच नाही, ती परत कोठून मिळविणार? तेथे उपचाराचे काम पुनर्रचनेचे नसून प्रथमरचनेचे ठरते. ग्रंथातील नियंत्रणविषयक सत्रांनाही येथे निराळा अर्थ येतो. पतीला घराचे नियंत्रण परत हवे असते आणि पत्नीने ते पंधरा वर्षे समर्थपणे सांभाळलेले असते. तिने ते निमूटपणे परत द्यावे, अशी अपेक्षा उपचाराच्या नावाखाली व्यक्त झाली तर उपचार परंपरेचाच हस्तक बनेल.

माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना कार्यान्वित आहे आणि तिच्यात पत्नीचाही समावेश होतो. परंतु पत्नी तेथे आश्रित म्हणून नोंदविली जाते. दांपत्यकेंद्री विचार स्वीकारावयाचा तर आघाताच्या संदर्भात तिची नोंद स्वतंत्र व्यक्ती म्हणून व्हावयास हवी.

७. भाषा आणि जागा

संवादकौशल्यांच्या सत्रांत पती-पत्नींनी आपल्या भावना थेट प्रथमपुरुषी वाक्यांत सांगावयाच्या असतात. इंग्रजीत दोघेही एकमेकांना एकाच सर्वनामाने संबोधतात. मराठी ग्रामीण कुटुंबात पती पत्नीला 'तू' म्हणतो आणि पत्नी पतीला 'तुम्ही' किंवा 'अहो' म्हणते. तिऱ्हाइताशी बोलताना तो 'हे' होतो. 'मला तुझा राग आला' आणि 'मला तुमचा राग आला' ही दोन वाक्ये व्याकरणदृष्ट्या समांतर असली तरी त्यांचे सामाजिक वजन सारखे नाही. पहिले वाक्य नित्याचे आहे, दुसरे उच्चारावयास धैर्य लागते. संवादाच्या या व्यायामाचे शब्दशः भाषांतर केले तर समानतेचा देखावा उभा राहील; प्रत्यक्षात एकाला सोपा आणि दुसरीला अवघड असा तो व्यायाम असेल.

घरी करावयाच्या गृहपाठालाही जागा लागते. एका खोलीत दोन पिढ्या झोपतात अशा घरात पती-पत्नींना रोज काही वेळ विनाव्यत्यय बोलणे दुष्कर असते. शेत, गोठा, बाजाराची वाट याच त्यांच्या एकांताच्या जागा होत. उपचारकाने हे लक्षात घेतले तर गृहपाठ बांधावर बसूनही होऊ शकतो. घेतले नाही तर 'दांपत्य सहकार्य करीत नाही' असा शेरा पडेल.

याहून मूलगामी मुद्दा असा की मराठी स्त्रीने आपले दुःख परंपरेने पतीला सांगितलेलेच नाही. तिने ते जात्याला सांगितले, माहेरच्या वाटेला सांगितले, सोबत दळणाऱ्या बाईला सांगितले. हेमा राईरकर आणि गी प्वाट्व्हॅं यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात संकलित झालेल्या लाखाहून अधिक ओव्या या सांगण्याची साक्ष देतात. स्त्रियांनी स्त्रियांत बोलणे ही येथील दुःखनिवेदनाची मुरलेली रीत आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, ज्याची स्थापना १९८६ साली झाली, व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला, त्यामागेही हेच भान दिसते. पतीच्या समोर बसण्यापूर्वी पत्नीला तिच्यासारख्याच स्त्रियांमध्ये बसण्याची जागा मिळाली, तर ती दांपत्य-सत्रात अधिक मोकळेपणाने येऊ शकेल.

८. सुरक्षिततेचा प्रश्न

२०१२ च्या चाचणीत गंभीर स्वरूपाची कौटुंबिक हिंसा असलेली आणि मादक द्रव्यांच्या अधीन झालेल्या रुग्णांची दांपत्ये समाविष्ट केली गेली नव्हती. संशोधनाच्या नीतीला धरूनच ही गाळणी आहे. परंतु धसका, दारू आणि मारहाण या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच घरात नांदतात. ज्यांना उपचाराची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत या चाचणीचा पुरावा पोहोचत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आणि गाळणी लावावयाची म्हटली तरी ती कशी लावावयाची? पतीच्या शेजारी बसलेल्या स्त्रीला 'घरी काही त्रास आहे का' असे विचारले असता 'नाही' हे एकच उत्तर संभवते. तिला स्वतंत्रपणे, दुसऱ्या वेळी, शक्यतो स्त्री-उपचारकाने विचारणे ही येथे औपचारिकता नसून उपचाराची पूर्वअट होय.

या प्रश्नाला कोल्हापूरचा स्वतःचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१९ साली करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा करण्यात आला. केंद्राचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली संमत होऊन ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. त्याच्या कितीतरी आधी या भूमीने घराच्या उंबरठ्याआतील क्रौर्य हा खासगी विषय नसल्याचे मान्य केले होते. हिंसा विकारातून उद्भवली असली तरी ती हिंसाच असते. पतीचा आघात समजून घेणे आणि पत्नीने मार सोसणे या दोन गोष्टींची गल्लत करणारी कोणतीही उपचारपद्धती शाहूंच्या करवीरात स्वीकारार्ह ठरू नये.

९. समारोप

वरील विवेचनावरून दांपत्यकेंद्री उपचारपद्धती नाकारावी असा निष्कर्ष निघत नाही. व्यक्तीच्या मनात कोंडलेला विकार नातेसंबंधाच्या उजेडात आणण्याचे तिचे कार्य मौलिक आहे, आणि आपल्यासारख्या कुटुंबप्रधान समाजाला ते मानवणारेही आहे. मात्र तिचा स्वीकार भाषांतराच्या मार्गाने होऊ नये. उपचाराच्या आरंभी पती व पत्नी दोघांचीही स्वतंत्र तपासणी व्हावी आणि दोघांच्याही आघाताची स्वतंत्र नोंद व्हावी. उपचाराचे यश मोजताना जोडीदाराच्या प्रकृतीला व समाधानाला रुग्णाच्या समाधानाइतकेच वजन मिळावे. पूरप्रवण गावांत खऱ्या सावधतेला विकाराचे नाव दिले जाऊ नये. संवादाचे व्यायाम मराठी संबोधनांतील विषमता ओळखून नव्याने रचले जावेत. संयुक्त सत्रांना स्त्रियांच्या गटाची जोड मिळावी. सांभाळून घेणे कमी करण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्याची किंमत कोण मोजणार, हे उपचारकाने प्रथम विचारावे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये आपत्तीतील मनोसामाजिक साहाय्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळविण्याचा आणि गोपनीयतेचा हक्क मान्य केला. चौकट उपलब्ध आहे. तिच्यात आशय भरण्याचे काम मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य आणि मराठी या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन करावयाचे आहे. जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये पूरकाळात निवारा केंद्रे होतात. त्या वर्गखोल्यांत रात्र काढणाऱ्या दांपत्यांशी पाणी ओसरल्यानंतरही संबंध राखणे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या अध्यापकांना सहज शक्य आहे. पंचनाम्यात घराच्या पडलेल्या भिंती मोजल्या जातात. त्या भिंतींआड दोन माणसे एकमेकांना किती काळ आणि कोणत्या किमतीला सांभाळून घेत आहेत, याची दखल घेणारी व्यवस्था उभी राहिली, तरच दांपत्यकेंद्री उपचार हा शब्द येथे अर्थपूर्ण ठरेल.